एका तळटीपेची दुरुस्ती : पाणी, वाळू आणि राखण

गेल्या वर्षी एम. ए.च्या भाषांतराच्या तासाला आम्ही एका अमेरिकी खाद्यविषयक लेखातला उतारा विद्यार्थ्यांपुढे ठेवला होता. घरामागच्या परसात रात्रभर मांसाला धुरी देणाऱ्या एका हौशी गृहस्थाचे त्यात वर्णन होते. उतारा निवडताना आमचे लक्ष भाषिक अडचणींकडे होते. ह्या क्रियेला मराठीत काय म्हणावे? 'धुरी' म्हटले की आपल्याला बाळंतिणीची खोली आणि शेगडीवर टाकलेला ओवा आठवतो. 'धुंगार' म्हटले की वरणाच्या पातेल्यात क्षणभर ठेवलेला निखारा आणि त्यावरची तुपाची धार. दोन्ही क्रिया काही मिनिटांच्या. बारा-चौदा तास चालणाऱ्या, धूर आणि मंद आच ह्या दोहोंच्या मेळाने मांस शिजवणाऱ्या प्रक्रियेला आपल्याकडे एकशब्दी नाव नाही, आणि ते का नाही ह्यावर तासभर बोलण्याची आमची तयारी होती.

परंतु तास अडला तो भलत्याच वाक्यावर. त्या गृहस्थाने धुरीयंत्राच्या मधल्या पात्रात पाणी न ओतता वाळू भरली, असे ते वाक्य होते. भाषांतराच्या दृष्टीने त्यात काहीच कठीण नाही. मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "पण पाण्याऐवजी वाळू कशासाठी?" आणि शिक्षकी पेशाला शोभेल अशा तत्परतेने आम्ही तळटीप सांगून टाकली : 'वाळू पाण्यापेक्षा अधिक उष्णता धरून ठेवते, म्हणून.' वर्गाने ती निमूटपणे उतरवून घेतली.

ती तळटीप चुकीची होती. चूक लक्षात आल्यावर आम्ही तिचा माग काढू लागलो, आणि माग काढता काढता पदार्थविज्ञानातून रसशास्त्रात, तेथून भडभुंज्याच्या भट्टीपाशी आणि अखेरीस अमेरिकेच्या गुलामगिरीच्या इतिहासात जाऊन पोचलो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या एका ओळीची लांबलेली दुरुस्ती आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून देणे आवश्यक आहे. अमेरिकेतील परसांत दिसणारे हे उभे धुरीयंत्र, म्हणजे 'स्मोकर', पिंपासारखे असते. तळाशी कोळसे आणि त्यांत खोचलेले हिकरी, ओक किंवा सफरचंदाच्या लाकडाचे तुकडे. त्याच्या वर, साधारण मध्यावर, एक पसरट खोल पात्र. पात्राच्या वर जाळ्या आणि जाळ्यांवर मांस. सर्वांत वर घुमटाकार झाकण. तळाशी आणि झाकणाला हवेसाठी झडपा असतात. डुकराच्या खांद्याचा किंवा गाईच्या छातीचा चिवट, तंतुमय भाग त्यात दहा ते चौदा तास ठेवतात. आतल्या हवेचे तापमान १०७ ते १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास राखायचे असते. ह्या चिवट भागांत कोलॅजन नावाचे संयोजी प्रथिन पुष्कळ असते. मंद आचेवर तासन्‌तास राहिले की ते विरघळून त्याचे जिलेटिन होते आणि चामड्यासारखे मांस बोटांनी सुटावे इतके मऊ पडते. आच वाढली तर बाहेरचा भाग करपतो आणि आतले कोलॅजन तसेच राहते. म्हणजे सारा खेळ तापमान स्थिर राखण्याचा आहे. मधले पात्र आहे ते त्यासाठीच.

मूळ योजनेत त्या पात्रात पाणी घालतात. पाण्याचे एक वैशिष्ट्य शालेय पुस्तकातलेच आहे : समुद्रसपाटीला, उघड्या भांड्यात, ते १०० अंशांच्या वर तापत नाही. खालून कितीही आच लावा, जादा उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. किलोभर पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ३३५ किलोज्यूल ऊर्जा पुरते, परंतु त्याच उकळत्या पाण्याची संपूर्ण वाफ करण्यास सुमारे २,२५७ किलोज्यूल लागतात, म्हणजे जवळजवळ सातपट. कोळसे भडकले तरी त्यांचा बराचसा जोर पाणी स्वतः आटून गिळून टाकते, आणि मांसाच्या खालचे पात्र शंभरीच्या पुढे जात नाही. नवशिक्याच्या हातून होणाऱ्या चुका अशा रीतीने पाण्याच्या नावे जमा होतात. पात्रात पाणी असेपर्यंत माणसाने थोडी डुलकी काढली तरी चालते.

आता वाळूकडे वळू. कोरड्या वाळूची विशिष्ट उष्णता पाण्याच्या सुमारे एक पंचमांश आहे. किलोभर पाणी एक अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात, तर किलोभर वाळूला ०.८ पुरतात. वाळू जड असते हे जमेस धरून लिटरचा हिशेब केला तरी ती पाण्याच्या एक तृतीयांशाहून कमीच उष्णता साठवते. आणि १०० अंशांशी ती थांबत नाही, तिची वाफ होत नाही. 'वाळू पाण्यापेक्षा अधिक उष्णता धरून ठेवते' हे आमचे विधान ह्या तापमानाला सपशेल उलटे आहे.

मग लोक वाळू का भरतात? कारणे अगदी घरगुती आहेत. पाणी आटते, आणि रात्री दोन वाजता उठून ते पुन्हा भरावे लागते. चार लिटर पाणी आटवण्यात सुमारे ९,००० किलोज्यूल उष्णता वाया जाते, म्हणजे तेवढा कोळसा अधिक जाळावा लागतो. सकाळी पात्रात उरते ते चरबी तरंगणारे गढूळ पाणी, आणि ते कोठे ओतावे हा प्रश्न पडतो. वाळूला ही कटकट नाही. पात्रात वाळू भरायची, वरून अॅल्युमिनियमचा पत्रीकागद घट्ट लावायचा, चरबी त्यावर गळते, सकाळी कागद गुंडाळून टाकायचा. वाळू पुढच्या खेपेस तयार. वाळू मात्र पूर्ण कोरडी हवी, आणि कागद फाटून चरबी तीत मुरली तर ती खवट वास धरते. शिवाय वाळूने भरलेल्या यंत्रातली हवा कोरडी राहते, त्यामुळे मांसावर काळपट, कुरकुरीत कवच लवकर धरते. त्या कवचाला तिकडे झाडाच्या सालीचाच शब्द वापरतात.

पाण्याचे खरे काम वाळू करीत नाही. ती आच अडवते, म्हणजे मांस आणि कोळसे यांच्यामध्ये पडद्यासारखी उभी राहते, आणि तापमानातले लहानसहान चढउतार थोडे बोथट करते. पडद्याचे हे काम एखादी मातीची पसरट थाळीसुद्धा करते, आणि अनेक जण तीच वापरतात. परंतु कोळसे भडकू लागले तर वाळू त्यांना रोखीत नाही. ती आधी सावकाश तापते, आणि एकदा अति तापली की सावकाशच निवते. म्हणजे चूक झाली तर ती चूकही सांभाळून ठेवते. वाळू घातल्यावर तापमानाची जबाबदारी पात्राकडून तळाच्या झडपांकडे जाते. झडप किती उघडी ठेवायची, वारा कोणत्या बाजूने आहे, कोळसा किती उरला आहे, हे माणसाला पाहावे लागते. आमच्या तळटीपेत नेमका हा माणूस नव्हता.

येथे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे, कारण पाणी आणि वाळू ही जोडी ह्या यंत्राहून पुष्कळ जुनी आहे. आग आणि पदार्थ यांच्यामध्ये एखादे माध्यम ठेवून आच सौम्य करण्याची युक्ती ग्रीक-इजिप्शियन किमयागारांना ठाऊक होती. इ. स. ३००च्या सुमारास पॅनोपोलिसच्या झोसिमसने आपल्या लेखनात मारिया नावाच्या ज्यू विदुषीचा आणि तिच्या उपकरणांचा वारंवार आदराने उल्लेख केला आहे. पुढे युरोपने गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवण्याच्या रीतीला तिचेच नाव दिले. फ्रेंच स्वयंपाकघरात आजही तिला 'बँ-मारी', म्हणजे मारियाचे स्नान, म्हणतात. त्याच प्रयोगशाळांत दुसरेही एक स्नान होते, वाळूचे. जेथे उकळत्या पाण्याची आच पुरत नसे, तेथे वाळू घेत.

आपल्याकडे रसशास्त्राने हाच भेद निराळ्या नावांनी केला. दोलायंत्रात पोटली द्रवात लोंबती ठेवून शिजवतात, वालुकायंत्रात वाळू वापरतात. साधारण तेराव्या-चौदाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या 'रसरत्नसमुच्चय' ग्रंथात वालुकायंत्राचे वर्णन आहे. काचेच्या कुपीला कापड आणि माती यांचे लेप द्यायचे, ती वाळूने भरलेल्या मडक्यात गळ्यापर्यंत पुरायची आणि खालून आच द्यायची. मकरध्वज, रससिंदूर ही औषधे अशाच रीतीने होतात, आणि अग्नी क्रमाने मृदु, मध्य व तीव्र असावा लागतो. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात, ज्याचा पहिला खंड १९०२ साली निघाला, ह्या यंत्रांची दखल घेतली. त्या वर्णनातला एक तपशील आम्हांस विलक्षण वाटतो. आच कोठवर द्यायची, तर मडक्याच्या झाकणावर ठेवलेली गवताची काडी जळेपर्यंत. तापमापक नसलेल्या काळात आच मोजण्यासाठी एक काडी आणि तिच्याकडे पाहणारा डोळा पुरेसा होता.

वाळूचा तिसरा वापर तर आपल्या गावच्या बाजारातलाच आहे. भडभुंज्याच्या कढईत तापलेली वाळू असते. तीत तो फुटाण्यांचे हरभरे किंवा चुरमुऱ्यांचे तांदूळ टाकतो, झाऱ्याने क्षणभर हलवतो आणि चाळणीने वाळू वेगळी करतो. वाळू दाण्याला सर्व बाजूंनी वेढते, पाण्यासारखी वाहते, परंतु त्याला भिजवत नाही, आणि तापते ती पाण्याच्या दुपटीहून अधिक. त्या झटक्याने दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि दाणा फुलतो. पाण्यात हे कधीही होणार नाही. वाळू पुरेशी तापली की नाही हे तो चार दाणे टाकून पाहतो. 'रसरत्नसमुच्चया'तली काडी आणि भडभुंज्याचे चार दाणे ही एकाच विद्येची दोन रूपे आहेत. फरक इतकाच, की एक संस्कृत ग्रंथात नोंदले गेले आणि दुसरे एका जातीच्या नावात बंद होऊन राहिले.

वाळूचे खरे सामर्थ्य शंभर अंशांच्या पलीकडे आहे, हे ह्या उदाहरणांतून स्पष्ट होते. फिनलंडमधील कांकानपा येथे २०२२ साली सुरू झालेल्या उष्णतासाठ्यात सुमारे १०० टन वाळू ५०० अंशांहून अधिक तापवून ठेवतात आणि हिवाळ्यात तिच्यावर घरे उबदार राखतात. पाण्याला हे साधले नसते, कारण तोवर त्याची वाफ झाली असती. 'वाळू उष्णता धरते' हे वाक्य तेथे खरे आहे. ११० अंशांच्या धुरीयंत्रात मात्र वाळूला स्वतःचा गुण दाखवायला वावच मिळत नाही. आम्ही कांकानपाचे सत्य टेक्सासच्या परसात नेऊन ठेवले होते. संदर्भ सोडून वाक्य उचलले की काय होते, हे आम्ही विद्यार्थ्यांना दर वर्षी कवितेच्या तासाला बजावतो. वाळूच्या तासाला आमचेच आम्ही विसरलो.

आता त्या गाळलेल्या माणसाकडे येऊ. मंद आचेवर, धुरात, रात्रभर मांस शिजवण्याची ही रीत आली कोठून? 'बार्बेक्यू' हा शब्द स्पॅनिश 'बार्बाकोआ'वरून आला आणि तो कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांच्या भाषेतला. गोन्सालो फर्नांदेस दे ओव्हिएदो ह्या स्पॅनिश इतिहासकाराच्या १५२६ सालच्या ग्रंथात तो छापलेला आढळतो. गंमत अशी, की मूळ शब्दाचा अर्थ पदार्थ असा नव्हता. काठ्या बांधून उभी केलेली माच एवढाच त्याचा अर्थ. माचेवर धान्य ठेवत, मांस भाजत, झोपतही. इंग्रज दर्यावर्दी विल्यम डॅम्पियर १६९७च्या प्रवासवर्णनात हा शब्द निजण्याच्या माचेसाठीच वापरतो. ब्राझीलच्या तुपी भाषेतून फ्रेंचांनी उचललेला अशाच माचेचा दुसरा शब्द म्हणजे 'बुकाँ'. त्यावर मांस धुरवणारे ते 'बुकानिए', आणि त्यांतले कित्येक समुद्री लुटारू झाल्याने इंग्रजीला चाच्यांसाठी 'बुकेनियर' हा शब्द मिळाला. शब्दांच्या प्रवासात माच मागे पडली आणि तिच्यावरचे मांस, पुढे तर त्याभोवती जमलेला मेळावाच, त्या नावाचा धनी झाला.

अठराव्या शतकातल्या व्हर्जिनियात बार्बेक्यू म्हणजे मोठे सार्वजनिक भोजन. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या दैनंदिनीत १७६९च्या मे महिन्यात एक त्रोटक नोंद आहे : आपण अलेक्झांड्रियाला बार्बेक्यूस गेलो आणि रात्री तेथेच राहिलो. पाहुणा रात्री राहिला हे कळते. परंतु रात्रभर आणखी कोणी जागे होते, ह्याची त्या नोंदीत खूण नाही. त्या काळच्या दक्षिणेत हे काम बहुधा गुलाम आफ्रिकी स्त्रीपुरुषांकडे असे. जमिनीत लांबट चर खणायचा, शेजारी वेगळ्या आगीत लाकडे जाळून त्यांचे निखारे करायचे, ते फावड्याने चरात पसरायचे, वर ओल्या काठ्यांवर अख्खी जनावरे आडवी घालायची, आणि जेथे आच उतरेल तेथे पुन्हा निखारे टाकत राहायचे. चराच्या तोंडाशी पाण्याचे पात्र नव्हते, वाळूचे नव्हते, झडपा नव्हत्या. तापमान राखण्याचे साधन एकच, फावडे धरलेला हात आणि निखाऱ्यांवर खिळलेली नजर.

त्या हाताचे म्हणणे कागदावर आले ते फार उशिरा. १९३६ ते १९३८ ह्या काळात अमेरिकी सरकारच्या लेखक प्रकल्पाने, गुलामगिरी प्रत्यक्ष भोगलेल्या आणि तोवर हयात असलेल्या वृद्धांच्या आठवणी गोळा केल्या. दोन हजारांहून अधिक जबान्या आहेत. साऊथ कॅरोलायनातील वेस्ली जोन्स ह्या नव्वदी ओलांडलेल्या गृहस्थाने त्यांत बार्बेक्यूच्या रात्रींची हकिगत सांगितली आहे. मेजवानीच्या आदल्या रात्री आपण रात्रभर जागून मांस शिजवीत असू आणि त्यावर रस्सा चोपडीत असू असे तो सांगतो, आणि त्या रश्शातले जिन्नसही देतो : व्हिनेगर, काळी आणि तांबडी मिरी, मीठ, लोणी, कांदा, लसूण. साहित्याच्या अभ्यासकांनी ह्या जबान्या जपून वाचायला हव्यात. बहुतेक मुलाखतकार गोरे होते, वृद्धांची बोली त्यांनी आपल्या कानांनी ऐकून आपल्या समजुतीप्रमाणे लिहिली, आणि विचारणाऱ्याच्या कातडीचा रंग पाहून सांगणाऱ्याने काय गाळले असेल ह्याचा अंदाजच करावा लागतो. तरीही वॉशिंग्टन यांच्या नोंदीतली रिकामी रात्र येथे प्रथमच आतून दिसते.

गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. ही विद्या घेऊन अनेक कृष्णवर्णीय कुटुंबे पुढे शहरांत गेली. कॅन्सस सिटीत १९०८च्या सुमारास हेन्री पेरी ह्यांनी मांस धुरवून विकायला सुरुवात केली. त्या शहराच्या आजच्या ख्यातीचे मूळ त्यांच्यापाशी आहे. मध्य टेक्सासात जर्मन आणि चेक स्थलांतरितांच्या खाटीकखान्यांनी आपली वेगळी धाटणी घडवली. म्हणजे ह्या विद्येचे वारस अनेक आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर ती उपनगरांच्या हिरवळीवर पोचली तेव्हा तिच्या अंगावरून पूर्वेतिहास बराचसा गळून पडला होता. १९५२ साली शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समधील जॉर्ज स्टीफन ह्यांनी समुद्रातल्या तरत्या बोयांसाठी केलेले धातूचे गोल अर्धे करून झाकणाची गोल शेगडी बनवली. १९७०च्या दशकात पाण्याचे पात्र असलेली उभी धुरीयंत्रे घरोघर विकली जाऊ लागली, आणि १९८१ साली वेबर कंपनीने 'स्मोकी माउंटन कुकर' बाजारात आणला. आमच्या उताऱ्यातले यंत्र ह्याच घराण्यातले.

ह्या क्रमाकडे पाहिले म्हणजे पाण्याच्या पात्राचा अर्थ बदलतो. शतकानुशतके जे काम जागणाऱ्या माणसाने केले, त्याचा एक भाग आता काही लिटर पाणी करू लागले. यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत पाणी किती घालावे हे लिहिलेले असते; पाण्याच्या जागी पूर्वी कोण होते हे लिहिण्याचे तिला कारण नव्हते. गृहोपयोगी यंत्रांचा इतिहास बहुधा असाच लिहिला जातो. त्यात शोध लावणाऱ्याचे नाव आणि साल असते, आणि ज्याचे कौशल्य यंत्रात उतरले त्याचे काहीच नसते. आपल्या घरातील जाते आणि पाटा-वरवंटा गेले तेव्हाही मिक्सरच्या माहितीपत्रकात दळणाऱ्या-वाटणाऱ्या बाईचा उल्लेख नव्हताच. रॉबर्ट मॉस (२०१०), मायकेल ट्विटी (२०१७), एड्रियन मिलर (२०२१) यांच्या पुस्तकांनी गेल्या काही वर्षांत अमेरिकी बार्बेक्यूचा इतिहास त्या लोकांसह पुन्हा मांडला. ट्विटी आणि मिलर हे स्वतः आफ्रिकी-अमेरिकी आहेत, ही गोष्ट येथे दुर्लक्षण्याजोगी नाही.

आता कोणी म्हणेल, की पाणी काढून वाळू घालणारा आजचा हौशी मनुष्य नकळत त्या जुन्या जागणाऱ्याकडे परत चालला आहे. पहिल्या खर्ड्यात आम्हीही असेच काहीसे लिहिले होते आणि आमच्यातल्याच एकाने त्यावर काट मारली. ती काट योग्य होती. वाळू घालणारा गृहस्थ रात्री पाणी भरायला उठावे लागू नये म्हणून वाळू घालतो. झडपांचा अंदाज आला की तोही झोपतो. अनेकांनी तर झडपेला छोटा विजेचा पंखा आणि तापमापक जोडले आहेत, ते त्याच्या वतीने जागतात. आणि समजा तो खरोखर जागला, तरी त्याचे जागणे आणि वेस्ली जोन्सचे जागणे ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. एकाच्या हाती कंटाळा आल्यास झाकण लावून आत जाण्याची मुभा आहे. दुसऱ्याला सकाळी जेवायला बसणाऱ्यांत जागाही नव्हती. श्रमाचे सौंदर्य सांगताना ते कोणावर लादले गेले होते हे विसरणे, ही आमच्या पिढीच्या ललित लेखनातली मोठी खोड आहे, आणि चुलीवरच्या भाकरीचे गोडवे गाताना आम्ही सर्वांनीच ती केली आहे.

तरी एक गोष्ट उरते. पाणी घातलेल्या यंत्रात तापमान आपोआप राखले जाते, त्यामुळे राखण हेही एक ज्ञान आहे, हे वापरणाऱ्याच्या ध्यानात येण्याचे कारण पडत नाही. वाळू घातल्यावर पहिल्याच खेपेस ते येते. तापमापकाचा काटा १३०च्या पुढे सरकू लागतो, झडप मिटली तरी वाळू लवकर निवत नाही, आणि निखारे भडकण्याआधीच ओळखायला हवे होते हे उमगते. मग चौथ्या-पाचव्या तासाला मांसाचे स्वतःचे तापमान ७० अंशांच्या आसपास येऊन थबकते आणि कित्येक तास हलत नाही. नवखा घाबरून आच वाढवतो. ग्रेग ब्लाँडर ह्या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवले, की हे थबकणे मांसाच्या पृष्ठभागावरील ओलावा आटत असल्यामुळे घडते. घाम आल्यावर आपले अंग निवते, तसे. म्हणजे पात्रातून पाणी काढून टाकले तरी पाण्याची ती जुनी युक्ती मांसाच्या अंगी शिल्लक असतेच. चरापाशी बसणाऱ्यांना हे सूत्ररूपाने सांगता आले नसते. पण ह्या वेळी निखारे वाढवायचे नसतात, वाट पाहायची असते, हे हाताला कळल्यावाचून अख्खे जनावर सकाळपर्यंत नीट शिजले नसते.

भाषांतरात तळटीप द्यावी की न द्यावी, ह्यावर आमच्यात जुना वाद आहे. तळटीप म्हणजे भाषांतरकाराने दिलेली हार, असे आमच्यातल्या एकाचे मत. ह्या प्रकरणानंतर आमचे इतके एकमत झाले आहे, की वस्तूचा गुणधर्म सांगून थांबणारी तळटीप अपुरी असते. वस्तू कोणाच्या बदली आली आहे, हेही तिने सांगितले पाहिजे. भडभुंज्याच्या वाळूविषयी मराठीत कोणी तळटीप लिहीलच, तर तीत चार दाणे टाकून पाहणारा हातही असावा.

ह्या वर्षी तोच उतारा आम्ही पुन्हा लावला आहे. गेल्या वर्षीची विद्यार्थिनी आता उत्तीर्ण होऊन गेली, तिच्या वहीत आमची चूक तशीच राहिली असेल. हा लेख तिच्या वाचनात यावा अशी इच्छा आहे. नवी तळटीप अशी : 'ह्या पात्रात सहसा पाणी घालतात. पाणी उकळून आटत राहते आणि आच आपोआप आवरते. वाळू आच केवळ अडवते, आवरत नाही. ती घातल्यास पाणी भरण्याचा त्रास वाचतो, परंतु निखाऱ्यांवर लक्ष ठेवावे लागते. अशी यंत्रे येण्यापूर्वी अमेरिकेच्या दक्षिणेत हे लक्ष ठेवण्याचे काम मुख्यतः गुलाम आफ्रिकी लोक रात्रभर जागून करीत.'

तळटीप लांबली आहे, हे आम्हांस मान्य आहे. वर्गाला ती पुन्हा उतरवून घ्यायला सांगितली आहे.